जाहीर नसलेली जाहिरात

'जाहिरात' हा शब्द आपल्या भाषेंत अरबी-फारसीच्या वाटेनें आला. जें झांकलेलें नाहीं, चारचौघांसमोर उघड आहे, तें जाहीर. आणि जें असें उघडपणें सर्वांस कळवावयाचें त्याची जाहिरात. हिंदी भाषिकांनीं याच अर्थीं 'विज्ञापन' हा संस्कृत शब्द योजिला आहे. आपल्याकडील जुन्या पत्रव्यवहारांत मात्र 'विज्ञापना' म्हणजे थोरांच्या पायांशीं केलेली नम्र विनंति असे. दोन्ही शब्दांच्या पोटांत एक गोष्ट गृहीत आहे. सांगणारा कोण हें ऐकणाऱ्यास ठाऊक असतें, आणि सांगितलेली गोष्ट शेजाऱ्यालाही ऐकूं गेली तरी कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. आज मोबाईलच्या कांचेंतून जी जाहिरात आपल्या घरांत शिरते, तिला यांपैकीं एकही लक्षण लागू पडत नाहीं. म्हणूनच तिचा खर्चही सहसा कोणाच्या वहींत उतरत नाहीं. या महिन्यांत त्या खर्चाचा थोडा विचार करूं.

जुन्या मासिकांच्या बांधीव फाइली ज्यांनीं चाळल्या असतील त्यांस त्यांतील जाहिराती आठवतील. केशतेलें, बाळकडू, नाना तऱ्हेच्या गुटिका, नांगर आणि रहाट, नाटकांचे खेळ. त्यांत सत्ययुग नांदत होतें असें मुळींच नाहीं. औषधांच्या जाहिरातींनीं तर असा कहर मांडिला होता कीं, १९५४ सालीं चमत्कारी उपायांच्या जाहिरातींस आळा घालण्यासाठीं सरकारला स्वतंत्र कायदा करावा लागला. 'किर्लोस्कर' मासिकाचा जन्मही १९२० सालीं 'किर्लोस्कर खबर' या नांवानें, एका कारखान्याचें मुखपत्र म्हणूनच झाला. पण तें मुखपत्र कोणाचें हें नांवावरूनच कळत होतें. शिवाय आजोबांनीं जी जाहिरात वाचली तीच सुनेनें वाचली आणि तीच नातवानें वाचली. तींत खोटें असलें तर रात्रीं पानावर बसल्यावर कोणीतरी हंसत असे, आणि त्या हंसण्यानेंच अर्धा बंदोबस्त होत असे.

आतां एकाच घरांत चार मोबाईल असले तर चार निरनिराळ्या बाजारपेठा असतात. आजोबांना गुडघेदुखीचें तेल दिसतें, मुलाला कर्ज दिसतें, सुनेला साड्या दिसतात आणि नातवाला खेळ दिसतो. एकाला काय सांगितलें गेलें तें दुसऱ्यास कळत नाहीं. एकत्र कुटुंबांत एकमेकांच्या खरेदीवर जो एक नकळत पहारा असे, तो या योजनेनें कोणालाही न विचारतां उठला आहे. प्रस्तुत लेखकाच्या मतें या विषयांतील सर्वांत मोठा गुप्त खर्च हाच होय. परंतु तो रुपयांत मोजतां येत नसल्यामुळें आधीं रुपयांकडे वळूं.

संगणकाच्या जाळ्यावर आडव्या पट्टीची जी पहिली म्हणून ओळखली जाणारी जाहिरात, ती ऑक्टोबर १९९४ मध्यें 'हॉटवायर्ड' या अमेरिकन संकेतस्थळावर टेलिफोनच्या एका मोठ्या कंपनीनें दिली. तो व्यवहार वृत्तपत्रासारखाच होता; इतकी जागा, इतके दिवस, इतके पैसे. खरा बदल १९९८ सालीं झाला. 'गोटू' नांवाच्या कंपनीनें शोधाच्या यादींतील क्रमांकच लिलावानें विकण्यास काढले. जो अधिक बोली देईल तो वर, आणि पैसे द्यावयाचे ते कोणी त्या नांवावर बोट ठेविलें तरच. गूगलनें २००० सालीं आपलें जाहिरात-खातें उघडलें आणि २००२ सालीं याच लिलावाची सुधारलेली पद्धत स्वीकारली. तींत बोलीबरोबरच लोक त्या जाहिरातीवर कितपत बोट ठेवितात हेंही धरलें जाऊं लागलें. या एका युक्तीवर पुढें केवढा इमला उभा राहिला तें पाहावें. २०२४ सालीं गूगलच्या मूळ कंपनीचें एकंदर उत्पन्न सुमारें ३५,००० कोटि डॉलर होतें, आणि त्याचा तीन-चतुर्थांश भाग जाहिरातींतून आला. फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप जिच्या मालकीचीं आहेत त्या मेटा कंपनीच्या उत्पन्नांत तर शेंकडा ९७ हून अधिक वांटा जाहिरातींचा होता. जें आपल्याला फुकट मिळतें त्याची किंमत कोणीतरी देतच असतो, आणि तो कोणीतरी म्हणजे साबण, चहा, विमा व प्रवासाचीं तिकिटें विकणारा व्यापारी. तो ती रक्कम मालाच्या किंमतींत मिळवितो, आणि माल शेवटीं आपणच घेतों.

लिलाव हा शब्द येथें अलंकारिक समजूं नये. आपण मोबाईलवर एखादें वृत्तपत्र उघडलें कीं पान पुरतें दिसण्यापूर्वींच त्यावरील मोकळ्या चौकोनाचा खराखुरा लिलाव होऊन गेलेला असतो. एका सेकंदाचा साधारण दहावा भाग, एवढाच काळ त्याला लागतो. वाचक अंदाजें कोठें आहे, त्याचा मोबाईल कोणता आहे, मागें त्यानें काय पाहिलें, अशी माहिती बोली देणाऱ्या यंत्रांना पुरविली जाते. यंत्रें आपापली बोली सांगतात. जिंकणाऱ्याची जाहिरात तेथें येऊन बसते. मंडईंत वांग्यांच्या पाटीचा सौदा होतो तेव्हां निदान वांगीं तरी पुढें ठेवलेलीं असतात. येथें पाटींत आपण स्वतः असतों, आणि सौदा झाल्याचें आपल्यालाच ठाऊक नसतें.

जेथें सौदा तेथें अडत्या आलाच. या व्यवहारांत व्यापारी आणि वृत्तपत्र यांच्यामध्यें पांच-सहा अडते बसलेले असतात; प्रत्येकाची दलाली निराळी. ब्रिटनमधील जाहिरातदारांच्या संस्थेनें हिशेबतपासनिसांच्या एका प्रसिद्ध पेढीकडून या साखळीची तपासणी करवून २०२० सालीं ती प्रसिद्ध केली. व्यापाऱ्यानें खर्चिलेल्या शंभर पौंडांपैकीं वृत्तपत्रें व इतर प्रकाशक यांच्या हातीं सरासरीनें ५१ पौंडच पडत होते. उरलेल्यांपैकीं सुमारें १५ पौंड कोठें गेले याचा त्या तपासनिसांनाही थांग लागला नाहीं. दुसऱ्या तपासणींत ही बेपत्ता रक्कम पुष्कळ घटून शेंकडा ३ वर आली हें सांगणें न्यायाचें होय. कोणी हिशेब मागूं लागलें कीं गळती थांबते, हा अनुभव शाळेच्या सहल-फंडापासून येथपर्यंत सारखाच आहे. पुढें एप्रिल २०२५ मध्यें अमेरिकेंतील व्हर्जिनियाच्या एका संघीय न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, प्रकाशकांच्या बाजूचें जाहिरात-यंत्र आणि लिलावाचा बाजार या दोहोंत गूगलनें बेकायदा मक्तेदारी राखली. विकणाऱ्याचें दुकान, घेणाऱ्याचा गुमास्ता आणि मधला बाजार, तिन्ही ठिकाणीं एकाच घरचा मनुष्य बसला असतां भाव कोणाच्या सोईचा ठरेल हें सांगावयास अर्थशास्त्री नको.

हें सर्व मोठ्यांचें झालें. या मासिकाच्या वाचकांपैकीं पुष्कळ घरांतून आज मेतकूट, भाजण्या, लोणचीं, मसाले, दिवाळीचा फराळ असे लहान उद्योग चालतात, आणि त्यांच्या विक्रीची भिस्त इन्स्टाग्राम-फेसबुकवर असते. त्यांच्यासाठीं थोडें सविस्तर लिहितों.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत सासूबाईंच्या हातची थालिपीठाची भाजणी सूनबाई विकूं लागल्या. आरंभीं दुकानदाराकडे माल ठेविला. त्याची दलाली जड वाटली म्हणून दुकान सोडलें आणि थेट गिऱ्हाइकांस विकण्याचें ठरविलें. पहिल्या महिन्यांत ओळखीच्यांनीं घेतलें. दुसऱ्या महिन्यांत आपण घातलेलीं छायाचित्रें फारशीं कोणास दिसत नाहींत असें ध्यानांत आलें. पैसे भरा म्हणजे दाखवूं, असा निरोप मोबाईलवर येऊं लागला. तेव्हां पैसे भरले. संस्कृतांत 'घटकुटीप्रभातन्याय' म्हणून एक न्याय आहे. जकात चुकवावी म्हणून एक व्यापारी रात्रभर आडवाटांनीं गाडी हांकीत राहिला, आणि उजाडलें तेव्हां पाहतो तों गाडी जकातनाक्याच्याच दारांत उभी. दुकानदाराची दलाली टाळावयास निघालेल्या पुष्कळ घरगुती उद्योगांचें प्रभात याच नाक्यावर होत आहे. फरक इतकाच कीं दुकानदार माल विकला गेल्यावर दलाली घेई. हा नाकेदार माल विकला जावो न जावो, आधींच घेतो.

आतां हिशेब. पुढील आंकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येकानें आपले घालून पाहावे. समजा, भाजणीचें एक पाकीट २०० रुपयांस जातें. धान्य, भाजणावळ, दळण, पिशवी, टपाल मिळून १३० रुपये लागतात, उरतात ७०. जाहिरातीवर १,००० रुपये लाविले. त्यावर शेंकडा १८ प्रमाणें वस्तु-सेवा कर, म्हणजे आणखी १८०. ज्यांची करखात्यांत नोंदणी नाहीं त्यांना हे परत मिळण्याची वाट नाहीं. एकेका बोटामागें ५ रुपये पडले असें धरलें तर २०० माणसें पाहून जातील. शंभरांतून दोघांनीं घेतलें तर चार पाकिटें खपलीं. चार पाकिटांवर नफा २८० रुपये, खर्च १,१८०. म्हणजे एकेक गिऱ्हाईक मिळविण्यास २९५ रुपये पडले आणि त्याच्या पहिल्या खरेदींत ७० परत आले.

यावरून जाहिरात देऊंच नये असा निष्कर्ष काढणें घाईचें होईल. तेंच गिऱ्हाईक पुन्हां पुन्हां आलें तर पांचव्या पाकिटापासून आपला फायदा सुरू होतो, आणि वर्षभर दरमहा आलें तर २९५ रुपये कांहींच नव्हेत. तात्पर्य, खरा प्रश्न किती लोकांनीं पाहिलें हा नसून किती जण पुन्हां आले हा आहे. आणि नेमका हाच आंकडा मोबाईलवरील त्या रंगीत तक्त्यांत ठळकपणें दिसत नाहीं. तेथें दर्शनें दिसतात, हृदयें दिसतात, अंगठे दिसतात. पुन्हां आलेल्यांची यादी आपली आपणच ठेवावी लागते. वर सांगितलेल्या कुटुंबांत ती आतां सासूबाई दोनशेपानी वहींत ठेवितात. त्या वहींत अजून एक रकाना असावयास हवा, तो म्हणजे सूनबाईंच्या वेळेचा. रील नांवाचीं अर्ध्या-पाऊण मिनिटाचीं चलच्चित्रें तयार करण्यांत त्यांची रात्र रात्र जाते. घरांतल्या बाईच्या वेळेस किंमत नसते असें समजण्याची आपली जुनी खोड आहे, आणि या नव्या धंद्यानें तिचा पुरेपूर लाभ घेतला आहे.

आतां दुसरा प्रश्न. विक्री झाली ती जाहिरातीमुळें झाली, हें कशावरून? कावळा ताडावर बसला आणि त्याच क्षणीं फळ पडलें, म्हणून कावळ्यानें फळ पाडिलें असें होत नाहीं. यालाच आपले शास्त्रकार काकतालीय न्याय म्हणतात. ईबे या मोठ्या अमेरिकन बाजारपेठेनें २०१२ सालीं हा प्रयोग खरोखरीच करून पाहिला. लोक गूगलवर 'ईबे' असा शब्द घालून शोधीत, तेव्हां वर ईबेचीच जाहिरात येई आणि प्रत्येक बोटामागें कंपनी पैसे मोजी. ती जाहिरात बंद केल्यावर असें आढळलें कीं, शंभरांपैकीं जवळजवळ साडेनव्याण्णव लोक खालच्या फुकटच्या ओळीवरून त्याच दुकानांत पोंचत होते. ब्लेक, नॉस्को आणि टाडेलिस या तिघांनीं याविषयींचा निबंध 'इकॉनोमेट्रिका' या नियतकालिकांत २०१५ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत एक बारीक गोष्ट आहे ती विसरूं नये. ज्यांना ईबे ठाऊकच नव्हती किंवा जे क्वचित् तेथें येत, त्यांच्यावर जाहिरातींचा परिणाम झाला. म्हणजे अनोळखी मनुष्यास जाहिरात कामाची. आपल्याच दारांत उभ्या असलेल्या पाहुण्यास पुन्हां आमंत्रणपत्रिका पाठविणें मात्र व्यर्थ. प्रॉक्टर अँड गँबल या साबण-दंतधावनाच्या प्रचंड कंपनीनें २०१७ सालीं एका तिमाहींत जाळ्यावरील जाहिरातींतून १० कोटि डॉलरांहून अधिक रक्कम कापली. विक्रीवर त्याचा म्हणण्याजोगा परिणाम दिसला नाहीं, असें कंपनीनेंच सांगितलें.

हल्लींची तऱ्हा पाहतां हा कावळा अधिकच हुशार झाला आहे. अलीकडे गूगल आणि मेटा दोघांनींही अशी व्यवस्था आणिली आहे कीं, व्यापाऱ्यानें पैसे आणि हेतु तेवढा सांगावा; चित्र कोणतें, मजकूर कोणता, कोणास दाखवावा, हें सर्व यंत्रच ठरवील. चित्रेंसुद्धां आतां कृत्रिम बुद्धीच काढून देते. सोय मोठी आहे यांत शंका नाहीं. पण यंत्रास विक्रीचें श्रेय मिळवावयाचें असतें, आणि श्रेय मिळविण्याचा सोपा मार्ग म्हणजे जो असाही विकत घेणारच होता त्याच्यापुढें ऐन वेळीं जाऊन उभें राहणें. भटजींवर सर्व सोपवून यजमानानें नुसतें पळीनें पाणी सोडावें, तशांतला हा प्रकार. दक्षिणेचा आंकडा मात्र यजमानाच्या नांवें. यावर घरगुती उपाय एकच. वर्षांतून एकदां पंधरा दिवस, सणासुदीचे नव्हेत असे, जाहिरात अजिबात बंद करावी आणि वही पाहावी. किंवा पुण्यांत चालूं ठेवून नाशकांत थांबवावी. खरें उत्तर त्या पंधरवड्यांत मिळतें.

मोजणाऱ्याविषयींही थोडें बोललें पाहिजे. छापील पत्राचा खप किती, हें पत्रकर्त्याच्या सांगण्यावर न सोडतां तपासण्यासाठीं आपल्या देशांत १९४८ सालीं स्वतंत्र संस्था स्थापन झाली. येथें पुष्कळदां दुकानदाराचें माप दुकानदारच तपासतो. फेसबुकनें सप्टेंबर २०१६ मध्यें कबूल केलें कीं, लोक चलच्चित्रें सरासरी किती वेळ पाहतात हा आंकडा दोन वर्षें फुगवून सांगितला जात होता. तीन सेकंदांहून कमी पाहणारे मोजणींतूनच वगळले होते. यावरचा दावा पुढें ४ कोटि डॉलर देऊन मिटविण्यांत आला. त्याच वर्षाच्या अखेरीस 'मेथबॉट' नांवाचें प्रकरण उघडकीस आलें. एका रशियन टोळीनें अमेरिकेंत व अन्यत्र १,९०० हून अधिक संगणक भाड्यानें घेऊन हजारों प्रतिष्ठित संकेतस्थळांचीं नक्कल पानें मांडलीं, आणि तीं पानें पाहणारीं 'माणसें' म्हणजे त्या संगणकांतील आज्ञावल्या. त्या खोट्या माणसांची बोटें फिरत, तीं चलच्चित्र मध्येंच थांबवीत, पुन्हां चालूं करीत. व्यापारी मात्र खऱ्या नजरेचे पैसे मोजीत होते. टोळीच्या म्होरक्यास २०२१ सालीं न्यूयॉर्कमध्यें दहा वर्षांची शिक्षा झाली.

घरगुती उद्योग ज्यांच्या घरीं नाहीं त्यांनीं हें पान उलटूं नये. गिऱ्हाईक म्हणून त्यांचाही यांत वांटा आहे. एप्रिल २०२१ मध्यें ॲपल कंपनीनें आपल्या मोबाईलवर एक साधा प्रश्न विचारण्यास आरंभ केला: या ॲपनें इतरत्रही तुमचा माग काढावा काय? पुष्कळांनीं 'नको' म्हटलें. त्या 'नको'मुळें २०२२ सालच्या आपल्या उत्पन्नांत सुमारें १,००० कोटि डॉलरांची तूट येईल, असा अंदाज मेटानें स्वतःच सांगितला. आपण सहज दिलेल्या होकाराचा भाव बाजारांत काय आहे, हें याहून स्पष्ट कोणी सांगितलेलें नाहीं. मोबाईल नवा आल्यावर मुलें पटापट 'हो, हो' करीत पुढें जातात. तेथें वडीलधाऱ्यांनीं शेजारीं बसून दोन-चार ठिकाणीं 'नको' म्हणावयास शिकवावें. आपल्या देशांतील २०२३ च्या वैयक्तिक माहितीसंरक्षण कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलांचा असा माग काढण्यास आणि त्यांच्यावर नेम धरून जाहिराती दाखविण्यास मनाई केली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले, आणि त्यांतील मुख्य बंधनें अमलांत येण्यास अठरा महिन्यांची मुदत देण्यांत आली. कायद्याची भाषा चांगली आहे. परंतु नातवाच्या मोबाईलवर खातें आजोबांच्या जन्मतारखेवर उघडलेलें असलें तर कायदा बिचारा काय करणार?

फसवणुकीच्या जाहिराती हें या सर्वांतील अत्यंत दुःखद प्रकरण होय. एप्रिल २०२४ मध्यें मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारास जाहीर सूचना काढावी लागली कीं, आपल्या मुख्य अधिकाऱ्यांचा चेहरा व आवाज कृत्रिम रीतीनें बनवून अमुक शेअर घ्या असें सांगणारीं चलच्चित्रें खोटीं आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्यें रॉयटर्स वृत्तसंस्थेनें मेटाच्या अंतर्गत कागदपत्रांच्या आधारें असें वृत्त दिलें कीं, २०२४ च्या उत्पन्नाचा सुमारें दहावा हिस्सा फसव्या व निषिद्ध मालाच्या जाहिरातींतून येईल असा कंपनीचा स्वतःचाच अंदाज होता. जाहिरातदार लबाड असल्याची शेंकडा ९५ खात्री पटल्याशिवाय त्यास बंदी होत नसे. नुसता संशय असला तर त्याच्याकडून अधिक दर घेतला जाई. कंपनीचें म्हणणें असें कीं तो अंदाज ढोबळ व फुगीर होता, आणि चढा दर हा लबाडांना परावृत्त करण्यासाठींच होता. वाचकांनीं दोन्ही बाजू ऐकून आपलें मत करावें. माझें मत असें कीं, चोर असावा अशा संशयावरून ज्या धर्मशाळेंत खोलीचें भाडें वाढवून घेतात, तेथें इतर उतारूंनीं आपलीं गांठोडीं उशाखालीं घेऊन निजावें.

माझे एक जुने सहकारी, गणिताचे उत्तम शिक्षक, निवृत्तीनंतर मिळालेल्या रकमेचा मोठा भाग अशाच एका शेअरच्या जाहिरातीवरून गमावून बसले. चार महिने त्यांनीं घरांत कोणास सांगितलें नाहीं. त्यांच्या पत्नीला तें बँकेच्या पुस्तकावरून कळलें. त्यांच्या घरांत तीन मिळवते मुलगे आहेत. पैकीं एकाच्या मोबाईलवर जरी ती जाहिरात दिसली असती तरी त्याच दिवशीं वाद झाला असता आणि रक्कम वांचली असती. पण ती केवळ त्यांच्याच मोबाईलवर येत होती. अशा प्रसंगीं लाजेनें गप्प न राहतां तत्काळ १९३० या सरकारी क्रमांकावर फोन करावा. पैसे एका खात्यांतून दुसऱ्यांत सरकण्यापूर्वीं तक्रार गेली तर ते गोठविले जाण्याची आशा असते. तास-दोन तासांचा फरकही तेथें मोठा ठरतो.

रीलवरून अमुक तेल आम्ही स्वतः वापरतों असें गोड बोलून सांगणाऱ्या मंडळींविषयीं थोडक्यांत. पैसे किंवा भेटवस्तु घेऊन शिफारस केली असेल तर तसें स्पष्ट लिहिलें पाहिजे, असा दंडक जाहिरातदारांच्या नियामक मंडळानें २०२१ सालीं आणि केंद्र सरकारनें जानेवारी २०२३ मध्यें घालून दिला आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. 'प्रायोजित' किंवा 'पेड पार्टनरशिप' ही बारीक अक्षरें शोधून काढण्याची पैज नातवंडांशीं लावून पाहावी. मुलें त्यांत मोठ्यांना सहज हरवितात आणि एकदां संवय लागली म्हणजे त्यांना कोणतीच शिफारस साधीभोळी वाटत नाहीं.

व्हॉट्सॲपचें मूळ संस्थापक जाहिरातींचे उघड विरोधक होते. २०१४ सालीं कंपनी फेसबुकला विकली गेली, आणि जून २०२५ मध्यें तेथेंही 'स्टेटस'च्या पानावर जाहिराती येणार असें जाहीर झालें. कुटुंबाचे गट आणि खासगी निरोप सध्यां त्यांतून वगळलेले आहेत.

शेवटीं एका पत्राचें उत्तर. कोल्हापूरच्या एका भगिनी गुळाच्या पोळ्या करून विकतात. कांहीं हजार रुपये घेऊन महिन्याभरांत दहा हजार फॉलोअर मिळवून देतों असें एका मनुष्यानें त्यांस सांगितलें आहे. तें द्यावे कीं नाहीं, असें त्या विचारतात. ताई, देऊं नयेत. हे दहा हजार म्हणजे बहुधा यंत्रांनीं चालविलेलीं नाहींतर मजुरीवर उघडलेलीं खातीं असतात. त्यांना पोळी खावयाची नसते आणि कोल्हापूर कोठें आहे हेंही ठाऊक नसतें. तेवढ्याच रकमेंत दोन-दोन पोळ्यांचीं नमुन्याचीं पाकिटें करून जवळच्या चार-पांच सोसायट्यांतून वांटावीं, प्रत्येक पाकिटावर आपला फोन क्रमांक व कोणत्या सोसायटीचें तें खुणेनें लिहावें, आणि कोठून पुन्हां मागणी आली तें टिपून ठेवावें. संक्रांतीपूर्वीं तीन आठवडे तरी हें व्हावयास हवें. पोळ्यांची मागणी त्यानंतर झपाट्यानें उतरते.